हिवाळ्यांतील सायकलस्वाराचे पाय

फिनलंडमध्यें, आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेस सुमारें १७० किलोमीटरांवर, ओउलू नांवाचें शहर आहे. तेथें भर हिवाळ्यांत, बर्फ पडलेलें असतांही, थोरांप्रमाणें शाळकरी मुलेंही सायकलीवरून जातात-येतात. हिवाळी सायकलप्रवासाचा विचार करणारी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ सालीं याच शहरीं भरली.

अशा थंडींत खरी पंचाईत होते ती पायांची. चालणाऱ्याचें पाऊल क्षणोक्षणीं वांकतें व दबतें, त्यामुळें त्यांत रक्त खेळतें राहतें. सायकलस्वाराच्या मांड्या राबत असतात, पण बोटें मात्र पेडलवर जवळजवळ निश्चल! त्यांत वाऱ्याची भर. हवा शून्याखालीं १० अंश असतां अंगावर ताशीं २० किलोमीटर वेगाचा वारा आला, तर उघड्या त्वचेस ती शून्याखालीं १८ अंशांइतकी जाचते.

परंतु मूळ कारण शरीराच्या व्यवस्थेंतच आहे. थंडी वाढली कीं हृदयादि मुख्य इंद्रियांची ऊब राखण्यासाठीं हातापायांच्या त्वचेंतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. टंचाईच्या दिवसांत घरांतील वरखर्च आधीं बंद व्हावा, तसेंच हें. मोजा ऊब उत्पन्न करीत नाहीं, रक्तानें आणलेली ऊब जपतो, इतकेंच. म्हणून बोटें गारठूं लागलीं तर प्रथम छाती, डोकें आणि पोटऱ्या नीट झांकल्या आहेत कीं नाहींत, हें पाहावें.

एकावर एक तीन मोजे चढवून नेहमींच्याच बुटांत पाय कोंबणें, ही हौशी लोकांची ठरलेली चूक. त्यानें रक्ताची वाट अडते आणि ऊब धरणारी हवाही दबून जाते. त्यापेक्षां थोडा मोठा बूट, आंत लोकरीचा एकच जाड मोजा व तळाशीं नमद्याचा तुकडा अधिक उपकारक. लोकर ओलसर झाली तरी बरीचशी ऊब राखते; सुती मोजा मात्र घामानें भिजला कीं पाय गार पडलाच. बुटावरून वारा न शिरणारें आवरण असल्यास उत्तम. बुटाच्या तळाशीं धातूची पट्टी असेल, तर तिच्यावाटेही ऊब निसटते.

बोटें दुखूं लागतांच खालीं उतरून सायकल हातीं धरून कांहीं वेळ चालावें. दुखणें आपोआप थांबून बोटें बधिर झालीं, तर तो आराम नव्हे, धोक्याची खूण होय. अशा वेळीं पाय चोळूं नयेत, शेकोटीशींही धरूं नयेत. बधिर त्वचेस चटका कळत नाहीं. घरीं पोंचल्यावर, पुन्हां थंडींत जावयाचें नसेल तर, सुमारें ३८ अंशांच्या कोमट पाण्यांत पाय बुडवून ठेवावे, आणि त्वचा पांढुरकी व कठीणच राहिली तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावें.