गाद्या, गोधड्या आणि हाय-फाय

नंदुरबारच्या आमच्या कंपूत चौघे जण आहेत. एक बँकेत, एक हायस्कुलात शिक्षक, एक मंडप-लाउडस्पीकरचा धंदा करणारा आणि चौथा मी. मी पदार्थविज्ञानातला संशोधक. ध्वनिशास्त्र हा माझा विषय नव्हे, पण कॉलेजात असताना जुन्या रेडिओतून काढलेला स्पीकर रांजणाच्या तोंडावर ठेवून गाणी ऐकण्याचा नाद लागला तो लागलाच. पुढे आम्ही चौघांनीही ऐपतीप्रमाणे, आणि कधीकधी ऐपतीबाहेर, यंत्रे घेतली. मध्यंतरी मुंबईच्या एका हॉटेलात हाय-फाय यंत्रांचे प्रदर्शन भरणार असल्याचे कळले, तेव्हा रात्रीच्या गाडीने सुरतमार्गे निघालो.

अशी प्रदर्शने जगभर भरतात. जर्मनीत १९८२ साली सुरू झालेले 'हाय एंड' हे त्यांतले सर्वांत नावाजलेले. ते २००४ पासून २०२५ पर्यंत म्युनिकला होत असे. आपल्याकडे ऐकणाऱ्यांनी एकत्र जमण्याची परंपरा थोडी वेगळी आहे. १९९० साली मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या बैठकांत जुन्या तबकड्या ऐकायला माणसे जमतात, ती गाण्यासाठी. तबकडी खरखरली तरी कोणाची तक्रार नसते. हाय-फायच्या प्रदर्शनात नेमके उलटे. तिथे गाणे कोणते आहे याकडे फारसे कोणाचे लक्ष नसते; त्यातल्या झांजेचा शेवट कसा विरतो, याकडे असते.

हॉटेलच्या खोल्यांतल्या खाटा काढून तिथे यंत्रे मांडली होती. किमती काही हजारांपासून मोटारगाडीच्या पलीकडे. आत शिरणारे बहुतेक पुरुष, आणि बहुतेक चाळिशीच्या पुढचे. वीस हजार हर्ट्झच्याही वर हा स्पीकर कसा वाजतो, यावर ते तावातावाने बोलत होते. माणसाचा कान तरुणपणी साधारण वीस हर्ट्झ ते वीस हजार हर्ट्झ ऐकतो, पण वयाबरोबर वरची मर्यादा खाली येत जाते. चाळिशीनंतर चौदा-पंधरा हजारांच्या पलीकडचे बहुतेकांना ऐकूच येत नाही. त्या दालनात वीस हजार हर्ट्झ ऐकू शकणारे कोणी असलेच, तर ते बापाचे बोट धरून आलेले एक कंटाळलेले पोर होते.

एका खोलीत तारांचे प्रात्यक्षिक चालले होते. आधी साध्या तारेने स्पीकर जोडून एक गाणे वाजवले, मग बोटाएवढ्या जाडीची, रेशमी वेष्टनाची तार जोडून तेच गाणे. काय फरक! आवाज उघडा झाला, गाणारी बाई दोन पावले पुढे आली. आम्ही चौघांनीही माना डोलावल्या. आमच्या मंडपवाल्या मित्राचे लक्ष मात्र विक्रेत्याच्या हाताकडे होते. दुसऱ्या खेपेला त्याने आवाजाचे बटण किंचित पुढे नेले होते. मुद्दाम की सवयीने, देव जाणे.

ही गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे. आवाजाची पातळी एखाद्या डेसिबलने वाढली, तर आपल्याला तो 'मोठा' झाला असे सहसा जाणवत नाही. 'चांगला' झाला असे वाटते. कमी आवाजात आपला कान खर्ज आणि अगदी तीव्र स्वर यांच्या बाबतीत बोथट असतो. आवाज वाढला की ही दोन टोके उमलून येतात आणि गाणे भरल्यासारखे होते. म्हणून दोन यंत्रांची तुलना करायची, तर आधी दोन्हींची पातळी मोजून सारखी करावी लागते.

तारेने फरक पडतच नाही का? हिशेब करू. स्पीकर चार मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन तार आठ मीटर. दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०९ ओहम येतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे आवाजात ०.१ डेसिबलची घट. ही कोणाला ऐकू येणार? पण तीच तार घंटीच्या तारेसारखी, ०.२ चौरस मिलिमीटरची घेतली, तर रोध ०.७ ओहमपर्यंत जातो आणि घटही ०.७ डेसिबलच्या घरात. शिवाय स्पीकरचा रोध सर्व कंप्रतांना सारखा नसल्यामुळे आवाजाचा रंगही थोडा बदलतो. तेव्हा फार बारीक तार वाईट, घरातल्या वायरिंगची जाड तार पुरेशी, आणि त्यापुढचा खर्च वेष्टनाचा.

हे लिहिताना कबूल केले पाहिजे की महागडी तार मीही एकदा घेतली होती आणि ती जोडल्यावर मला फरक स्पष्ट ऐकू आला होता. प्रदर्शनाहून परतल्यावर मित्रांनी माझी परीक्षा घेतली. मी पाठमोरा बसलो. शिक्षक मित्राने नाणे उडवून ठरवायचे, मंडपवाल्याने त्याप्रमाणे तार जोडायची, आणि कोणती तार आहे ते मी सांगायचे. असे दहा वेळा. माझी सहा उत्तरे बरोबर आली. मी खूश झालो, पण तेवढ्यात शिक्षक मित्राने फळ्यावर मांडावे तसे गणित मांडले. दहा नाण्यांचे एकूण १०२४ निकाल संभवतात. त्यांत सहा किंवा अधिक छापे पडण्याचे ३८६. म्हणजे ज्याला काहीही ऐकू येत नाही, त्यालाही शंभरात अडतीस वेळा माझ्याएवढे किंवा अधिक यश मिळेल. नऊ किंवा दहा बरोबर आली असती, तर ती संभाव्यता जेमतेम एक टक्का असल्याने काहीतरी म्हणता आले असते. ती तार आता अडगळीत आहे.

असो. प्रदर्शनातली जी गोष्ट मनात राहिली, ती यंत्रांची नव्हती. शेजारशेजारच्या दोन खोल्यांत जवळजवळ एकाच प्रतीची यंत्रे मांडली होती. एका खोलीत गाण्याचा शब्द न् शब्द सुटा ऐकू येत होता, दुसरीत सगळा काला. पहिलीत जमिनीवर जाड गालिचा, दोन भिंतींवर पडदे आणि कोपऱ्यांत उभ्या केलेल्या गाद्या होत्या. बहुधा खोलीतल्या खाटांवरच्याच. दुसरीत संगमरवरी फरशी आणि काच. मंडपवाला मित्र माझ्या कानाशी पुटपुटला, "भाऊ, आठे तं गोधड्यासनं काम शे!"

त्याच्या नकळत तो ध्वनिशास्त्राच्या एका मोठ्या शोधापाशी पोचला होता. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातले नवे व्याख्यानगृह निकामी ठरले होते. वक्त्याने उच्चारलेले अक्षर तिथे सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. दुरुस्तीचे काम वॉलेस सेबाइन या सत्तावीस वर्षांच्या पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाकडे आले. त्याच्याजवळ मोजायला होते काय? ५१२ हर्ट्झची एक ऑर्गनची नळी, कालमापक आणि स्वतःचे कान. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तो रात्री उचलून आणी, थोड्या थोड्या मांडून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजी, आणि सकाळी त्या जागच्या जागी नेऊन ठेवी. आपल्या अंगावरच्या कपड्यांनीही उत्तर बदलते, हे लक्षात आल्यावर त्याने आधीची हजारो मोजमापे टाकून दिली आणि पुढे ठरावीक पोशाखातच प्रयोग केले.

त्यातून निघालेले सूत्र अगदी साधे आहे. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागा. आलेले उत्तर म्हणजे आवाज साठ डेसिबलने खाली यायला लागणारे सेकंद. याला निनादकाल म्हणू. शोषण मोजण्यासाठी सेबाइनने निवडलेले एकक मला फार आवडते: उघडी खिडकी. उघड्या खिडकीवर पडलेला आवाज परत येतच नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक शोषण. गुळगुळीत गिलाव्याचा एक चौरस मीटर म्हणजे अवघे ०.०३.

आता हे आपल्या वर्गाला लावू. आठ मीटर लांब, सहा रुंद आणि साडेतीन उंच अशी सिमेंटच्या गिलाव्याची, फरशीची खोली घ्या. घनफळ १६८ घनमीटर; भिंती, छत आणि जमीन मिळून १९४ चौरस मीटर, त्यांचे शोषण सुमारे सहा. १६८ ला ०.१६१ ने गुणले की २७. रिकाम्या, बंद वर्गाचा निनादकाल २७ भागिले ६, म्हणजे साडेचार सेकंद. चाळीस मुले येऊन बसली की प्रत्येकाचे ०.३ धरून बारा एकके वाढतात आणि काल दीड सेकंदावर येतो. सात चौरस मीटर दारे-खिडक्या उघडल्या, तर १.१ सेकंद. अमेरिकेत एवढ्या खोलीच्या वर्गासाठी रिकाम्या असतानाची मर्यादा ०.६ सेकंद ठरवलेली आहे.

दीड सेकंदाने काय बिघडते? आपण बोलतो तेव्हा सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारतो. म्हणजे एका अक्षरानंतर सुमारे ०.२ सेकंदांनी पुढचे येते. निनादकाल दीड सेकंद असेल, तर तेवढ्या वेळात आधीच्या अक्षराचा आवाज फक्त आठ डेसिबलने उतरतो, ०.८ सेकंद असेल, तर पंधराने. स्वर बलवान असतात. व्यंजने त्यांच्या मानाने दहा-वीस डेसिबल दुबळी. तेव्हा आधीचा 'आ' खोलीत घुमत असताना पुढचा 'त' की 'ट', 'प' की 'फ', हे त्याखाली बुडून जाते. शिक्षकांनी आवाज चढवला, तर घुमणारा आवाजही तेवढाच चढतो. दोहोंतले अंतर तसेच राहते. घसा मात्र बसतो.

आपल्याला या बुडालेल्या अक्षरांचा त्रास वाटत नाही, कारण आपण ती अंदाजाने भरून काढतो. 'शेतकऱ्याने नांगराचा …ळ' एवढे ऐकले की 'फाळ' आपण आपोआप ऐकतो. हा अंदाज भाषा पाठ असलेल्याला जमतो. नंदुरबार जिल्ह्यात सुमारे सत्तर टक्के लोक आदिवासी आहेत. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागातले पहिली-दुसरीतले मूल घरी पावरी किंवा भिली बोलते, नवापूरकडचे मावची. मराठी ते वर्गात, कानांनी, शिकत असते. ज्या शब्दाची त्याला ओळखच नाही, त्यातले बुडालेले अक्षर ते कुठून भरून काढणार? शिवाय लहान मुलांना मोठ्यांपेक्षा अधिक स्वच्छ आवाज लागतो. मागच्या बाकावरचे मूल 'लक्ष देत नाही' असा शेरा लिहिण्यापूर्वी एकदा त्या बाकावर बसून ऐकावे, असे मला हल्ली वाटू लागले आहे.

हे सुचले त्याला निमित्त झाले. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आश्रमशाळेने आमच्या मंडपवाल्या मित्राकडे वर्गासाठी लाउडस्पीकर मागितला होता. वर्गात ऐकू येत नाही, ही तक्रार. धंदेवाईक माणूस, त्याने विकून टाकायला हरकत नव्हती. पण तो आम्हाला घेऊन तिथे गेला आणि वर्गाच्या मधोमध उभा राहून त्याने एक टाळी वाजवली. ती टाळी आम्ही सगळ्यांनी ऐकली, बराच वेळ.

मग वसतिगृहातल्या गोधड्या मागवल्या. मागच्या भिंतीवर आणि एका बाजूच्या भिंतीवर, भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवून, दोरीवर वाळत घालाव्यात तशा पंचवीस चौरस मीटर टांगल्या. चार बोटांच्या त्या पोकळीमुळे शोषण वाढते. गोधडीचे शोषण ०.४ धरले, तर दहा एकके वाढली. मुलांसह आणि खिडक्या उघड्या असताना ही बेरीज ३५ होते आणि निनादकाल ०.८ सेकंदाच्या जवळ येतो. फुगा फोडून आणि मोबाइलवर आवाज मुद्रित करून आम्ही मोजले ते उत्तर गणिताशी तंतोतंत जुळले नाही. शोषण दोनच भिंतींवर असेल, तर सेबाइनचे सूत्र थोडे चुकतेच. पण टाळीतला फरक मुलांनीही ओळखला. एक मुलगी तर टाळी वाजवून थांबली आणि 'गेली कुठे?' अशा मुद्रेने छताकडे बघू लागली.

शिक्षक मित्राने श्रुतलेखन घेतले. आधी गोधड्यांशिवाय वीस शब्द, मग गोधड्या टांगून वीस. जवळजवळ सारख्या उच्चाराच्या जोड्या त्याने मुद्दाम घातल्या होत्या: ताक-टाक, पळ-फळ, माळ-माल. बाई पडद्याआडून, एकाच आवाजात वाचत होत्या. ओठ दिसले तर परीक्षा कानाची राहत नाही. दुसऱ्या खेपेला मागच्या बाकांवरच्या चुका कमी झाल्या. मी पाटीवर आकडे मांडू लागलो, तेव्हा मंडपवाल्याने तारेची आठवण करून दिली. दुसरी खेप नेहमी दुसरीच असते. मुले सरावली असतील. अर्ध्या वर्गांत आधी गोधड्या, अर्ध्यांत नंतर, असे करायला हवे होते. ते आता पावसाळ्यानंतर करायचे ठरले आहे. पावसात खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, आणि त्या शाळेच्या दोन वर्गांवर पत्रे आहेत. तिथे सर कोसळली की निनाद मोजण्याचा प्रश्नच उरत नाही.

लाउडस्पीकरची मागणी मुख्याध्यापकांनी तूर्त बाजूला ठेवली आहे. गोधड्या मात्र संध्याकाळी आम्हीच घड्या घालून वसतिगृहात परत नेऊन दिल्या. थंडीचे दिवस होते आणि मुलांना त्या रात्री लागणार होत्या.