वापरलेल्या मोटारगाडीची आयात

परदेशात विकत घेऊन काही काळ वापरलेली मोटारगाडी मालकाने अथवा व्यापाऱ्याने स्वदेशी आणण्याचा व्यवहार. एका देशाच्या दृष्टीने ही निर्यात आणि दुसऱ्याच्या दृष्टीने आयात असल्याने तीस दोन्ही देशांचे वाहनकायदे, सागरी वाहतुकीचे नियम आणि सीमाशुल्क असे तिहेरी बंधन असते. जपान हा वापरलेल्या गाड्यांचा मोठा निर्यातदार असून श्रीलंका, पाकिस्तान, बांगलादेश, केन्या इ. देशांच्या रस्त्यांवर जपानी जुन्या गाड्यांचे प्रमाण लक्षणीय आहे. भारतात मात्र हा व्यापार कधी रुजला नाही. त्यास कायद्याने मनाई नाही. परंतु अटी आणि शुल्क यांची रचना अशी आहे की, परदेशातील स्वस्ताई येथे पोहोचेपर्यंत नाहीशी होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धापूर्वी भारतात मोटारींच्या आयातीवर विशेष निर्बंध नव्हते. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे सुट्या भागांची जुळणी करणारा कारखाना काढला होता. स्वातंत्र्यानंतर आयात-निर्यात नियंत्रण कायदा, १९४७ अन्वये आयातीस परवाना आवश्यक झाला. देशात प्रत्यक्ष उत्पादन करणाऱ्या कंपन्यांनाच पुढे वाव द्यावा, असे शासकीय धोरण १९५३ मध्ये ठरल्यावर जनरल मोटर्सने येथील जुळणी थांबविली. त्यानंतर सुमारे चार दशके परदेशी गाडी ही दुर्मीळ वस्तू होती. वकिलातींतील अधिकारी व अन्य परकीय नागरिक यांनी आणलेल्या गाड्या ते परत जाताना राज्य व्यापार महामंडळामार्फत लिलावाने विकल्या जात. हौशी श्रीमंतांना परदेशी गाडी मिळण्याचा हाच काय तो राजमार्ग होता.

जागतिक व्यापार संघटनेपुढील वादात भारताविरुद्ध निर्णय झाल्यावर संख्यात्मक निर्बंध उठविणे भाग पडले. उरलेल्या ७१५ वस्तूंवरील निर्बंध १ एप्रिल २००१ पासून उठले व त्यांत वापरलेल्या मोटारगाड्यांचाही समावेश होता. जपानी जुन्या गाड्यांचा लोंढा येऊन देशी उद्योग बुडेल, अशी भीती त्या वेळी मोठ्या प्रमाणावर व्यक्त झाली. म्हणून परवान्याची भिंत पाडताना तिच्या जागी शुल्क आणि तांत्रिक अटी यांचे कुंपण उभारण्यात आले. ते आजतागायत टिकून आहे.

तांत्रिक अटी : सर्वसाधारण नियमानुसार वापरलेली गाडी उत्पादनाच्या दिनांकापासून तीन वर्षांपेक्षा जुनी असता कामा नये. तिचे सुकाणू उजव्या बाजूस, वेगमापक किलोमीटर दर्शविणारा आणि पुढील दिव्यांचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीस अनुरूप असावा लागतो. आयातीनंतर किमान पाच वर्षे गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य राहील आणि तिच्या दुरुस्तीची सोय देशात होईल, याची हमी द्यावी लागते. जहाजावर चढविण्यापूर्वी मान्यताप्राप्त संस्थेचे तपासणी प्रमाणपत्र लागते. भारतात आल्यावर पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील लष्करी वाहन संशोधन संस्था किंवा मध्य प्रदेशातील बुधनी येथील कृषियंत्र चाचणी संस्था यांपैकी एकीकडून पुन्हा तपासणी होते. अशी गाडी केवळ मुंबईच्या सीमाशुल्क बंदरातूनच आणता येते.

या अटींपैकी तीन वर्षांची मर्यादा सर्वांत परिणामकारक ठरली आहे. जपानमध्ये नव्या गाडीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी व त्यानंतर दर दोन वर्षांनी होते. हा खर्च टाळण्यासाठी अनेक मालक तपासणीच्या सुमारास गाडी विकून टाकतात. ब्रिटनमध्येही पहिली वार्षिक तपासणी तिसऱ्या वर्षाअखेर येते आणि कंपन्यांनी भाड्याने घेतलेल्या गाड्यांचे करारही पुष्कळदा याच सुमारास संपतात. म्हणजे परदेशच्या बाजारात चांगली गाडी ज्या वयात स्वस्त होते, नेमके त्याच वयात भारताचे दार तिला बंद होते. केन्याने ही मर्यादा आठ वर्षांची ठेवली आहे. दोन देशांच्या रस्त्यांवरील चित्र इतके भिन्न का, याचे बरेचसे उत्तर या फरकात आहे.

सुकाणूची अट भूगोलाशी निगडित आहे. ब्रिटन, जपान, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका या देशांत वाहतूक डावीकडून चालते. त्यामुळे तेथील गाड्या या कसोटीस उतरू शकतात. अमेरिका, यूरोप खंडातील बहुतेक देश आणि आखाती देश येथील गाड्या डाव्या सुकाणूच्या असतात. डावे सुकाणू बदलून उजवीकडे नेणे तंत्रदृष्ट्या शक्य असले, तरी ते खर्चिक व जोखमीचे असते.

मूल्यनिर्धारण व शुल्क : परदेशात गाडी किती रुपयांना मिळाली, यावर शुल्क आकारले जाते असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात वापरलेल्या गाडीचे मूल्य सीमाशुल्क खाते स्वतंत्रपणे ठरविते. त्या प्रतिरूपाची उत्पादनवर्षातील नवी किंमत आधारभूत धरून तीतून घसारा वजा केला जातो. घसाऱ्याचा दर पहिल्या वर्षी प्रत्येक तिमाहीस ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३ टक्के, तिसऱ्या वर्षी २·५ टक्के आणि पुढे २ टक्के असून एकूण घसारा ७० टक्क्यांहून अधिक धरला जात नाही. याप्रमाणे पूर्ण तीन वर्षे वापरलेल्या गाडीस ३८ टक्के घसारा मिळतो. तीच गाडी लिलावात नव्या किंमतीच्या निम्म्याने मिळाली असली, तरी त्या फायद्याची दखल हिशेबात सहसा घेतली जात नाही. घसारा वजा जाता उरलेल्या रकमेत जहाजभाडे व विमा मिळविला म्हणजे आकारणीयोग्य मूल्य होते.

वापरलेल्या गाड्यांवर २००१ मध्ये मूळ सीमाशुल्क १०५ टक्के करण्यात आले होते; नंतर ते १२५ टक्क्यांपर्यंत गेले. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क ७० टक्क्यांवर आणल्याचे वाचून अनेकांचा गैरसमज झाला. त्याबरोबरच ६७·५ टक्के कृषी पायाभूत सुविधा अधिभार लावल्याने एकूण बोजा पूर्वीइतकाच, म्हणजे १३७·५ टक्के राहिला. यावर पुन्हा वस्तू व सेवा कर आकारला जातो. सप्टेंबर २०२५ पासून त्याचा दर लहान गाडीस १८ टक्के, तर मोठ्या गाडीस ४० टक्के आहे.

एका काल्पनिक उदाहरणाने हा हिशेब स्पष्ट होईल. नवी असताना २० लाख रु. किंमतीची मोठी गाडी तीन वर्षे पुरी होताना आणली, तर घसारा जाऊन १२·४० लाख रु. उरतात. भाडे व विमा १·६० लाख रु. धरल्यास आकारणीयोग्य मूल्य १४ लाख रु. होते. त्यावर १३७·५ टक्क्यांप्रमाणे १९·२५ लाख रु. शुल्क व अधिभार आणि या दोहोंच्या बेरजेवर, म्हणजे ३३·२५ लाख रुपयांवर, ४० टक्क्यांप्रमाणे १३·३० लाख रु. कर. एकूण शासकीय देणे ३२·५५ लाख रु. झाले. मालकाने गाडी फुकट मिळविली असती, तरी हे देणे चुकले नसते. राज्याचा नोंदणीकर, बंदरातील हाताळणी आणि मध्यस्थाचे शुल्क यांचा समावेश यात केलेला नाही.

परतणारे नागरिक : सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मधील व्याख्येनुसार मोटार वाहन हे प्रवासी सामानात मोडत नाही. कायमच्या वास्तव्यासाठी परतणाऱ्या कुटुंबास घरगुती वस्तूंवर मिळणारी सवलत म्हणूनच गाडीस लागू होत नाही. परदेशात सलग किमान दोन वर्षे राहिलेल्या आणि किमान एक वर्ष गाडी स्वतःच्या ताब्यात असलेल्या व्यक्तीसाठी आयात धोरणात वेगळा वर्ग करण्यात आला. परंतु शुल्क पूर्णच भरावे लागते आणि पुढील दोन वर्षे गाडी विकता येत नाही.

पालघर जिल्ह्यासारख्या (स्थापना १ ऑगस्ट २०१४) औद्योगिक प्रदेशात या नियमांचा अर्थ विशेष स्पष्ट होतो. बोईसरलगतच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतील रसायन, पोलाद व यंत्र उद्योगांत तयार झालेल्या तंत्रज्ञास आखातातील नोकरी ही परिचित वाट आहे. तेथे पाचसहा वर्षे काढून परतणाऱ्यास आपली गाडी बरोबर आणावीशी वाटणे स्वाभाविक असते. तथापि आखाती गाडीचे सुकाणू डावीकडे असल्याने शुल्काचा हिशेब मांडण्यापूर्वीच प्रश्न निकालात निघतो. सिंगापूर अथवा ब्रिटनमधून परतणाऱ्याची गाडी या कसोटीस उतरली, तरी पुढचा मार्ग लांब असतो : परदेशातील नोंदणी रद्द करून निर्यातीचे प्रमाणपत्र मिळविणे, रो-रो जहाजाने वा कंटेनरमधून पाठवणी, जहाज कंपनीचे भरणपत्र, मुंबई बंदरात बिल ऑफ एंट्री दाखल करून शुल्कभरणा, पुण्यास वा अहिल्यानगरास तपासणी आणि शेवटी जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात ‘एमएच ४८’ मालिकेतील नोंदणी. मुंबई ते बोईसर अंतर जेमतेम १०० किमी. आहे, कागदपत्रांचा प्रवास त्याहून पुष्कळ मोठा. शुल्क भरण्यास विलंब झाल्यास बंदरातील जागाभाडे दिवसागणिक वाढत जाते, ही गोष्ट आधी ध्यानात घेतली जात नाही. याच बंदरातून भारतात तयार झालेल्या नव्या गाड्या मोठ्या संख्येने परदेशी रवाना होतात. डहाणूजवळ वाढवण येथील नियोजित बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली असली, तरी धोरणात मुंबईचा नामनिर्देश असेपर्यंत वापरलेली गाडी तेथे उतरविता येणार नाही.

बहुसंख्य परतणाऱ्यांच्या दृष्टीने गाडी परदेशातच विकून येथे दुसरी घेणे हेच हिताचे ठरते. अपंग व्यक्तीसाठी खास बनविलेली गाडी किंवा निवर्तलेल्या नातेवाइकाकडून वारसाने आलेली गाडी यांसारख्या प्रकरणी मात्र केवळ पैशाचा विचार पुरेसा नसतो. अल्पकाळासाठी गाडी आणावयाची असल्यास कार्ने या आंतरराष्ट्रीय हमीपत्राची सोय आहे. त्यान्वये पर्यटकास शुल्क न भरता गाडी तात्पुरती आणता येते. मात्र ती मुदतीत परत नेणे बंधनकारक असते. मुदत उलटल्यास हमी देणाऱ्या संस्थेकडून शुल्क वसूल होते.

गैरव्यवहार : शुल्क इतके जड असल्याने ते चुकविण्याचे प्रयत्नही होत आले आहेत. उत्पादनवर्ष बदलून दाखविणे, वापरलेली गाडी नवी किंवा नवी गाडी वापरलेली असल्याचे भासविणे, राजनैतिक अधिकाऱ्यांच्या सवलतीचा गैरवापर करणे हे त्यांतील परिचित प्रकार होत. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क खात्याने ‘नुमखोर’ या नावाने मोहीम काढून भूतानमार्गे अवैधरीत्या आणल्याच्या संशयावरून अनेक गाड्या ताब्यात घेतल्या. अशा गाडीवर शुल्क चुकविल्याचे सिद्ध झाल्यास ती पुढे कोणाच्याही हाती गेली असली, तरी जप्त होऊ शकते. त्यामुळे देशात आयात केलेली जुनी गाडी घेणाऱ्याने नोंदणीपुस्तकाबरोबर मूळ बिल ऑफ एंट्री व शुल्कभरण्याची पावती पाहून त्यांवरील सांगाडा क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी ताडून घ्यावा लागतो. नोंदणीपुस्तकात विक्रीबंदीची नोंद असल्यास तिची मुदत संपल्याची खात्रीही करावी लागते.