ट्रॅक्टरच्या बॉनेटमध्ये उंदरांचा संसार



हंगाम जवळ आला की आपण ट्रॅक्टरचे ऑईल बदलतो, टायर बघतो, ट्रॉलीचे हूक आणि पिना तपासतो. बॉनेटच्या आत कोण राहायला आले आहे, हे मात्र फारसे कोणी बघत नाही. २०२३-२४ च्या हंगामात आपल्या एका सभासदाला हे न बघणे भलतेच महागात पडले. त्यांची हकीगत त्यांच्या परवानगीने, नाव न घालता, येथे देत आहे.

तोड मिळायला आधीच उशीर झालेला. शेवटी एकदाची टोळी आली. ट्रॉल्या फडाच्या बांधालाच उभ्या होत्या, त्या संध्याकाळपर्यंत भरून झाल्या. ट्रॅक्टर मात्र पंधरा दिवस वस्तीवरच्या शेडात, कडब्याच्या गंजीला लागून उभा होता. पहाटे चारला निघून नंबर लावायचा, असे ठरले. चारला चावी फिरवली तर ट्रॅक्टर हूं नाही की चूं नाही. दिवासुद्धा लागेना. मिस्त्री आला तोवर ऊन चढले होते.

“मिस्त्री, बॅटरी गेली का हो?”

“बॅटरी चांगली आहे मालक. वायरिंगच खाल्लंय. हे बघा बाळंतपण झालंय इथं.”

बॅटरीच्या मागे पाचट, चिंध्या आणि सीटचा फोम कुरतडून केलेले घरटे, आणि त्यात सहा गुलाबी पिले. स्टार्टरकडे जाणारी वायर उघडी पडलेली, डॅशबोर्डकडचा वायरींचा जुडगा तर दोन ठिकाणी तुटलेला. सामान तालुक्याहून यायला दुसरा दिवस उजाडला. भरलेला ऊस तोवर ट्रॉलीत उन्हात वाळत होता. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळपाला गेला पाहिजे, हे आपण सभांतून नेहमी ऐकतो. वजन घटते, साखरही उतरते. ते सभासद म्हणाले, “वायरिंगच्या बिलाचं काही नाही हो, पण काट्यावरची पावती बघून पोटात तुटलं.”

त्यातल्या त्यात दैव चांगले म्हणायचे. उघडी पडलेली वायर लोखंडाला टेकली असती तर ठिणगी पडली असती, आणि खाली वाळके पाचट होतेच. मग ट्रॅक्टर, शेड, गंजी आणि दावणीची जनावरे यांचे काय झाले असते, ते सांगायला नको.

आता उंदीर वायरच का खातो? खरे तर तो खात नाही, कुरतडतो. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात. ते झिजवले नाहीत तर तोंड मिटणार नाही, म्हणून लाकूड, साबण, प्लॅस्टिकचा पाईप, जे सापडेल त्यावर तो दात चालवतो. वायरीवरचे वेष्टण मऊ, जाडीला दातात बसेल असे. शिवाय वायर नेमकी त्याच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर आडवी येते. हल्ली वायरींच्या वेष्टणात सोयाबीनचा अंश असतो म्हणून उंदीर लागतात, असे बोलले जाते. अमेरिकेत यावरून मोटार कंपन्यांवर दावेही झाले. पण आमच्या मते हे काही खरे कारण नव्हे. साध्या पीव्हीसीच्या वायरीही उंदीर पूर्वीपासून कुरतडत आलेला आहे. आपल्या विहिरीवरच्या मोटारीची स्टार्टर पेटी आठवा म्हणजे पटेल.

बॉनेटमध्ये त्याला हवे ते सगळे मिळते. थंडीत गरम इंजिन, वर झाकण, अंधार, आणि मांजराचा पंजा पोहोचत नाही अशी सांदीकोपरे. त्यात आपण भाकरीचा तुकडा, शेंगदाण्याची पुडी टूलबॉक्समध्ये ठेवतो. पेंडीची पोती तर शेडातच. आणि आपल्याकडे उसाचे फड आहेत. उभ्या उसात उंदीर-घुशींना खायला भरपूर आणि लपायला जागा. फड तुटला की ते सारे बिऱ्हाड बाहेर पडते आणि जवळच्या वस्तीचा रस्ता धरते. पावसाळ्यात बिळात पाणी शिरले म्हणजे पुन्हा तेच. त्यामुळे तोड सुरू झाल्यावरचे दिवस आणि पावसाळा, या दोन वेळा डोळ्यांत तेल घालून बघण्याच्या. जो ट्रॅक्टर रोज चालतो त्यात घरटे सहसा टिकत नाही. उभ्या वाहनालाच हा रोग जास्त, मग तो ट्रॅक्टर असो, लग्नकार्यापुरती बाहेर निघणारी जीप असो की मुलाने पुण्याहून आणून ठेवलेली नवी कार असो. नव्या गाड्यांत तर सेन्सरच्या वायरींचे जाळेच असते. एक बारीक वायर तुटली तरी गाडी जागची हलत नाही.

उपायांबद्दल सभासद बरेच विचारतात. तंबाखूची पाने, डांबरगोळ्या, मिरचीची पूड, फिनेल हे सगळे आम्ही करून पाहिले आहे. वास ताजा आहे तोवर उंदीर बिचकतो, वास उडाला की परत येतो. चार-आठ दिवसांनी बदलत राहणार असाल तर जरूर करा, पण त्यावर विसंबू नका. डांबरगोळ्या कारमध्ये ठेवल्या तर त्यांची वाफ आत बसणाऱ्याच्या नाकात जाते, तेव्हा लहान मुले बसणाऱ्या गाडीत त्या नकोत. एका जपानी कंपनीने मिरचीचा तिखट अंश लावलेली चिकटपट्टी वायरींना गुंडाळण्यासाठी काढली आहे. आपल्याला न ऐकू येणारा आवाज काढून उंदीर पळवणारी यंत्रेही बाजारात मिळतात. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ साली अशी यंत्रे करणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून अधिक कंपन्यांना पत्रे पाठवून, दाव्याला शास्त्रीय पुरावा हवा अशी ताकीद दिली होती. उंदीर त्या आवाजाला सरावतो. पैसे घालायचेच तर ते जाळीत घालावेत.

उंदराला अर्ध्या इंचाचे भोक पुरते, चिचुंद्रीएवढ्या लहान उंदराला त्याहूनही कमी. म्हणून शेडाची फट, गटाराचे तोंड, एअर क्लीनरकडे जाणारी वाट येथे पाव इंची लोखंडी जाळी बसवावी. हवेची वाट बंद होणार नाही एवढे बघावे. उघड्यावरच्या वायरींवर लवचिक लोखंडी नळी घालून घ्यावी. हे काम मिस्त्री अर्ध्या दिवसात करून देतो. ट्रॅक्टर गंजीपासून आणि पाचटाच्या ढिगापासून दूर लावावा, आणि रात्री बॉनेट उघडे ठेवावे. उजेड आणि वारा आत गेला की उंदराला ती जागा घरासारखी वाटत नाही. बरेच दिवस उभा ठेवायचा असेल तर बॅटरीची अर्थची वायर काढून ठेवावी. वायरी खाल्ल्या तरी आग तरी लागणार नाही. आणि हलवण्यापूर्वी बॉनेट उघडून बघावे, डिझेलचे रबरी पाईप हाताने चाचपावेत, ब्रेक दाबून पाहावा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. खाल्लेली वायर नुसती पिळून वर टेप गुंडाळू नका, आणि फ्यूज उडतो म्हणून त्याच्या जागी जाड तार घालू नका. फ्यूज उडतो तो आपल्याला वाचवण्यासाठीच. तार घातलेल्या ट्रॅक्टरची वायरिंग जळालेली आम्ही गॅरेजमध्ये पाहिली आहे.

उंदीर मारायचे तर पिंजरा किंवा चाप भिंतीच्या कडेला लावावा, कारण उंदीर भिंत धरून पळतो. नव्या वस्तूला तो घाबरतो, म्हणून दोन-तीन रात्री चाप न लावता नुसता शेंगदाणा ठेवावा आणि मग लावावा. झिंक फॉस्फाईडच्या आमिषालाही हाच नियम. आधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरडा तेल लावून ठेवायचा, नंतर ९६ भाग भरडा, २ भाग तेल आणि २ भाग औषध असे मिश्रण काठीने कालवून बिळात टाकायचे. हाताने कालवू नये. या विषावर उतारा नाही. घरात लहान मुले, कुत्री, कोंबड्या असतील तर ते वस्तीवर आणूच नये. बॉनेटमध्ये तर कुठलेच विष ठेवू नये. उंदीर आतच कुठे तरी मरतो आणि पुढे आठ दिवस गाडीत बसवत नाही. विष खाल्लेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर तेही दगावू शकतात. गव्हाणी घुबड आणि धामण हे आपले फुकटचे राखणदार आहेत. धामण दिसली की काठी शोधणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

घरटे काढतानाही जपावे. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचा ताप होतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या ऊसतोड कामगारांत १९३० नंतरच्या काळात या रोगाने एवढा हाहाकार केला की तोडीआधी फड जाळावा या मागणीसाठी तेथे १९३५ साली संप झाला होता. २००५ च्या महापुरानंतर मुंबईतही याची मोठी साथ आली. जंतू शिरतात ते जखमेतून, आणि उसाच्या पात्याने चिरलेले हात आपल्याकडे घरोघर आहेत. म्हणून हातमोजे घालावेत, घरटे कोरडे झाडू नये. ब्लीचिंगचे पाणी मारून थोडा वेळ भिजू द्यावे आणि मग उचलावे. पुढे ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर डॉक्टरांना उंदराची गोष्ट आपणहून सांगावी. वेळेवर औषध मिळाले तर हा ताप बरा होतो.

विम्याचेही विचारून घ्या. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या वायरिंगचे काहीच मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी उंदराचे नुकसान त्यात धरले आहे की नाही, हे पॉलिसी वाचूनच कळते.

शेवटी मोहिमेबद्दल. एकाने आपल्या वस्तीवरचे उंदीर मारले तर शेजारच्या बांधावरून दुसरे येतात. मे-जूनमध्ये फड मोकळे असतात, बिळे उघडी दिसतात. त्या वेळी शिवारातल्या सर्वांनी मिळून एकाच आठवड्यात बिळे बुजवून, दुसऱ्या दिवशी उकरलेल्या बिळांतच आमिष टाकले तर औषधही कमी लागते. ज्या गावच्या सभासदांना असे करायचे आहे त्यांनी आपल्या गट ऑफिसात नावे द्यावीत. ज्यांची हकीगत वर दिली आहे, त्यांनी आपले नाव पहिले लिहून ठेवले आहे.