गिटार, डफ आणि व्यसन

नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडासंकुलात २०१९ साली यू-टू आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या पाश्चात्त्य वाद्यवृंदांचे कार्यक्रम झाले. तिथल्या झगमगाटात वाजणारी विजेची गिटार ही सुखवस्तू शहराच्या करमणुकीची खूण वाटते. परंतु या संगीताचे मूळ कोणाच्या घामात आहे, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. रॉकचा पाया ब्लूज, आणि ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामीतून कायद्याने सुटलेल्या, पण कापसाच्या शेतांत राबतच राहिलेल्या काळ्या माणसांचे गाणे. गोऱ्या बाजाराने ते उचलले आणि विकले. महार-मांगांचा तमाशा पांढरपेशा रंगभूमीवर मानाने आला आणि तमासगीर मात्र कनातीतच राहिला, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

जिमी हेंड्रिक्स हा याच परंपरेतला. २७ नोव्हेंबर १९४२ रोजी सिॲटल शहरात एका गरीब काळ्या कुटुंबात त्याचा जन्म झाला. गिटार घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा हा मुलगा केरसुणीच गिटारीसारखी छातीशी धरी. काही काळ फौजेत काढल्यावर तो काळ्यांच्या क्लबांतून नामवंत गायकांच्या मागे उभा राहून साथ करू लागला. १९६५ मध्ये त्याने एका निर्मात्याशी तीन वर्षांचा करार केला. मोबदला होता एक डॉलर आणि विक्रीवर एक टक्का. १९६६ मध्ये तो लंडनला गेला आणि वर्षभरात जगाला ठाऊक झाला.

त्याने नेमके काय केले? विजेच्या गिटारीत तारेची कंपने चुंबकाच्या साह्याने विद्युतप्रवाहात बदलतात आणि ध्वनिवर्धकातून मोठी होऊन बाहेर पडतात. गिटार ध्वनिवर्धकाजवळ नेली की बाहेर पडलेला आवाज तारेला पुन्हा हलवतो आणि कर्कश किंकाळी उठते. एरवी हा दोष समजला जातो. हेंड्रिक्सने त्या किंकाळीची भाषा केली. १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात त्याने अमेरिकेचे राष्ट्रगीत एकही शब्द न उच्चारता वाजवले. त्या सुरांतून कोसळणारे बाँब आणि माणसांचा आक्रोश ऐकू येत होता. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. ऐकणाऱ्यांना अर्थ सांगावा लागला नाही.

बरोबर एक महिना आधी, १८ जुलै १९६९ रोजी, गोरेगावात अण्णा भाऊ साठे वारले. वाटेगावच्या मांगवाड्यात १९२० साली जन्मलेला, शाळेची पायरी जेमतेम चढलेला हा मुलगा गावाहून पायी मुंबईला आला. मिळेल ते काम करीत तो गिरणीत पोहोचला आणि कामगार चळवळीत घडला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशातल्या गणाच्या जागी त्यांनी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आणले. जुन्या वाद्यातून नवा आवाज काढणे हेच त्यांचेही कार्य. १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. ‘फकिरा’ला १९६१ मध्ये राज्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या कथांवर चित्रपट निघाले, तरी दारिद्र्य हटले नाही. अखेरच्या वर्षांत दारिद्र्य, एकाकीपणा आणि दारू यांनी त्यांना एकदम घेरले. वयाची एकोणपन्नास वर्षेही पुरी झाली नाहीत. पुढच्याच वर्षी, १८ सप्टेंबर १९७० रोजी, झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनानंतर गुदमरून हेंड्रिक्स लंडनमध्ये मेला. तो २७ वर्षांचा होता.

अशा मरणांचा अर्थ दोन प्रकारे लावला जातो. एक म्हणजे, प्रतिभावंत असाच जळतो. दुसरा, या लोकांची जातच तशी. उच्चवर्णीय कवी प्याला तर तो कलंदर, आणि दलित शाहीर प्याला तर त्याचा वाडा आठवतो! दोन्ही अर्थ खोटे आहेत, कारण दोन्ही माणसाला त्याच्या परिस्थितीतून उचलून बाजूला ठेवतात. व्यसनातून विद्रोह जन्मत नाही. हेंड्रिक्सचा हात वर्षानुवर्षांच्या पडेल त्या साथसंगतीत तयार झाला, आणि अण्णा भाऊंची शाहिरी संपांच्या, मोर्च्यांच्या दिवसांत. व्यसनाने दोघांकडून काम काढून घेतले, दिले काहीच नाही.

व्यसन हा उपचार करता येणारा आजार आहे. १९८० नंतर गर्द आपल्या वस्त्यांत शिरली, तेव्हा अनिल अवचटांनी ‘गर्द’ लिहून समाजाला जागे केले, आणि १९८६ मध्ये अनिल व सुनंदा अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले. आज उपचार आहे. मग आपली पोरे तिथवर का पोहोचत नाहीत? कारण उपचाराला जाणे म्हणजे बदनामी, असे आपणच मानतो. सभेआधी शाहिराला ‘थोडी घे, आवाज मोकळा होईल’ म्हणणारेही आपलेच, आणि तो पडला की ‘बेवडा’ म्हणून हिणवणारेही आपलेच.

अण्णा भाऊंचा पुतळा २०२२ मध्ये मॉस्कोत उभा राहिला. त्याचा आनंद आहेच. पण नवी मुंबईच्या वस्त्यांत चौदा एप्रिलला रात्रभर गाणारा पोरगा पंधरा तारखेला काय खातो, कुठे झोपतो, कशाने झोपतो, हे विचारणारा कोणी आहे काय? आपल्या मंडळांच्या हिशेबवह्यांत ध्वनिक्षेपकाच्या भाड्याची नोंद असते. गायकाच्या मानधनाची आणि औषधपाण्याची नोंद त्याच पानावर झाली पाहिजे.