बार्शीची नोंदवही आणि एक विषाणू

सोलापूर जिल्ह्यातली बार्शी म्हटलं की भगवंताचं देऊळ आणि ज्वारी-तुरीचा बाजार आठवतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर जगात कुठेही चर्चा निघाली की याच गावाचं काम पुढे येतं, हे मात्र सोलापुरातही फार जणांना ठाऊक नसतं.

हा कर्करोग मुळात संसर्गाची देणगी. एचपीव्ही हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, बहुतेकींच्या शरीरातून आपसूक निघून जातो. काहींच्या मात्र मुक्काम ठोकतो आणि दहा-वीस वर्षांनी पेशी बिघडवतो. हे नातं उलगडणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 चं नोबेल मिळालं. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात तोवर वीस वर्षं या रोगाचा माग काढणं चालू होतं.

1987 साली बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांसाठी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी इथे सुरू झाली. डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत ही त्यामागची महत्त्वाची नावं. शहरात दवाखान्यांची कागदपत्रं चाळून नोंदी होतात. इथे बायका दुखणं अंगावर काढायच्या, दवाखाना गाठायच्याच नाहीत, मग कागद कुठला? म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलत राहिले. या बोलण्यातूनच बायका लवकर तपासणीला येऊ लागल्या. माझ्या मते या साऱ्या संशोधनाचा पाया प्रयोगशाळेत नाही, या पायपिटीत आहे.

बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत जास्त, हे नोंदवहीने दाखवलं. मग 1999 मध्ये टाटा स्मारक केंद्र आणि लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्यासह शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात मोठी चाचणी उभी राहिली. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया, गावांचे 52 समूह, त्यांची चार गटांत वाटणी. काहींची एचपीव्ही चाचणी, काहींची पॅप म्हणजे पेशींची तपासणी. काहींच्या गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिडचा बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचं. बिघडलेला भाग पांढरा पडतो. चौथ्या गटाची तपासणीच नाही.

निकाल 2009 मध्ये आला. एचपीव्ही गटात या कर्करोगाने 34 मृत्यू, तपासणी नसलेल्या गटात 64. तेही आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने! पॅप आणि ॲसिडच्या गटांत मृत्यूंमध्ये म्हणावा तसा फरक पडला नाही. (ॲसिडच्या पद्धतीने मुंबईच्या वस्त्यांत, वारंवार तपासणी केल्यावर, मृत्यू घटले, पण तो निकाल पुढचा.) 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली.

चौथ्या गटातल्या 31,488 जणींचं काय? यावरून नंतर कडाक्याचा वाद झाला. तेव्हा देशात सरकारी तपासणी नव्हतीच, त्यामुळे त्यांचं काही हिरावून घेतलं नाही, असा बचाव होता. तो खोटा नाही. पण ‘नेहमीची सेवा’ म्हणजे शून्य सेवा असेल, तर तिच्याशी तुलना करणं सोपं जातं, ही बोच राहतेच.

या विषाणूवरच्या लसीची कथा तर योगायोगाची. 2009 मध्ये बार्शीसह देशातल्या अनेक केंद्रांवर 10 ते 18 वयाच्या मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात, याचा अभ्यास सुरू झाला. आंध्र आणि गुजरातमधल्या दुसऱ्याच एका लस-प्रकल्पातल्या मृत्यूंवरून गदारोळ उठला आणि एप्रिल 2010 मध्ये लसीकरण थांबलं. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं चौकशीत आढळलं नाही. पण तोवर सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळालेला! संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. वर्षानुवर्षं तपासत राहिले. 2021 च्या निष्कर्षानुसार एका डोसनेही विषाणूच्या 16 आणि 18 या घातक प्रकारांच्या चिवट संसर्गापासून सुमारे 95 टक्के संरक्षण मिळत होतं. 2022 मध्ये एका डोसला जागतिक मान्यता मिळाली. त्या मुलींपैकी थोरल्या आता तिशी ओलांडून स्वतःच तपासणीच्या वयात आल्या आहेत.