‘शिनचॅन’च्या गावाखालचं ‘मंदिर’ पूर कसा रोखतं?

‘शिनचॅन’ पाहणाऱ्यांना कासुकाबे हे नाव ओळखीचं असेल. कार्टूनमधलं हे गाव खरोखर आहे. टोकियोच्या उत्तरेला साधारण ३५ किलोमीटरवर, सैतामा प्रांतात. लोकल पकडून टोकियोला नोकरीला जाणाऱ्यांचं हे साधं उपनगर. पण पर्यटक इथे येतात ते जमिनीखाली उतरायला.

खाली आहे तरी काय?

शंभरहून जास्त पायऱ्या उतरल्यावर १७७ मीटर लांब आणि ७८ मीटर रुंद दालन लागतं. त्यात १८ मीटर उंचीचे ५९ खांब आहेत. त्यामुळे त्याला ‘भूमिगत मंदिर’ म्हणतात. प्रत्यक्षात हे पुराच्या पाण्याचं टाकं आहे.

इथे पूर का येतो?

हा भाग मोठ्या नद्यांच्या मधोमध, बशीसारखा खोलगट आहे. उतार कमी असल्याने पाणी लवकर ओसरत नाही. त्यात टोकियो वाढलं, शेतांच्या जागी घरं आली आणि पाणी मुरायला जागा उरली नाही.

यंत्रणा कशी चालते?

- लहान नद्या फुगल्या की जादा पाणी सुमारे ७० मीटर खोल विहिरींत पडतं.
- तिथून ते ६.३ किलोमीटरच्या बोगद्यातून टाक्यात येतं.
- टाक्यात पाण्याचा जोर कमी होतो.
- मग चार पंप ते मोठ्या एदो नदीत सोडतात. क्षमता सेकंदाला २ लाख लिटर.

खांब एवढे अवजड का?

एका खांबाचं वजन सुमारे ५०० टन आहे. त्यांना फक्त छत पेलायचं नसतं. टाकं रिकामं असताना भोवतालचं भूजल त्याला खालून वर ढकलतं. ते होडीसारखं वर येऊ नये म्हणून हे वजन लागतं.

खर्च वसूल झाला का?

काम १९९३ मध्ये सुरू झालं, २००६ मध्ये संपलं. खर्च सुमारे २३ हजार कोटी येन. २०१९ च्या हागिबिस वादळात यंत्रणेने सुमारे १,२०० कोटी लिटर पाणी वळवलं. मात्र त्याच वादळात सैतामाच्या इतर भागांत पूर आलाच. ही यंत्रणा फक्त आपल्या खोऱ्यापुरती आहे.

मुंबईत असं काही आहे?

हिंदमाता परिसरासाठी महापालिकेने भूमिगत टाक्या बांधल्या आहेत. आकाराने त्या फार लहान आहेत, पण कल्पना तीच : रस्त्यावरचं पाणी तात्पुरतं साठवायचं आणि पाऊस, भरती ओसरली की सोडायचं.

जायचं कसं?

जवळचं स्टेशन मिनामी-साकुराई. आधी बुकिंग करावं लागतं. माहिती जपानीत दिली जाते, त्यामुळे भाषा येत नसेल तर दुभाषी सोबत हवा. जोरदार पावसात सहल ऐनवेळी रद्द होऊ शकते. तसं झालं, तर तुम्ही जिथे उभे राहणार होतात तिथे पाणी येतंय, असं समजा.