गीरच्या सिंहांचे आरोग्य

वर्गात एखाद्या मुलास गोवर आला, की त्यास काही दिवस घरीच राहावयास सांगतात. शेजारच्या बाकावरील मुलांस तो लागू नये, एवढाच त्यातील हेतू असतो. परंतु या गोवराच्या विषाणूचा एक जवळचा भाऊबंद कुत्र्यांमध्ये वावरतो आणि संधी मिळताच तो प्रत्यक्ष वनराजासही लोळवितो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. त्या रोगास कॅनाइन डिस्टेंपर असे नाव आहे. (गुरांची बुळकांडीही याच कुळातली, ती जगातून नाहीशी झाल्याचे 2011 साली जाहीर झाले.)

विद्यार्थिमित्रहो, आफ्रिका खंड सोडल्यास रानात मोकळे हिंडणारे सिंह आज साऱ्या जगात केवळ आपल्या गुजरात राज्यात उरले आहेत. एके काळी ते उत्तर हिंदुस्थानातही होते. शिकारीच्या हव्यासाने ते नष्ट होत गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी काठेवाडातील गीरच्या अरण्यात मूठभरच शिल्लक राहिले. जुनागडच्या नवाबांनी त्यांच्या शिकारीस आळा घातला. पुढे सरकारी वनखात्याने त्यांचे रक्षण केले. 2015 च्या गणनेत 523, 2020 मध्ये 674 आणि 2025 मध्ये 891 सिंह आढळले. हे आकडे वाचून कोणासही आनंद व्हावा, मलाही झाला. तथापि संख्या वाढली म्हणजे भय सरले, असे मात्र नव्हे.

2018 च्या सप्टेंबर महिन्यात गीर पूर्व विभागातील दलखाणिया क्षेत्रात सिंह मरू लागले. सुमारे तीन आठवड्यांत 23 सिंह दगावले. आपसांतील झुंजींमुळे हे मृत्यू झाले असावेत, असे प्रथम सांगण्यात आले. पुढे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत तपासले गेले, तेव्हा काहींत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. अनेकांच्या रक्तात बॅबेसिया नावाचे सूक्ष्म परजीवीही होते. हे परजीवी गोचिडीच्या चाव्यातून शरीरात शिरतात व रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात.

ही जोडगोळी किती घातक असते, हे आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या मैदानाने त्यापूर्वीच दाखविले होते. तेथे 1994 साली सुमारे एक हजार सिंह, म्हणजे एकूण सिंहांपैकी तिसरा हिस्सा, मृत्युमुखी पडले. संशोधकांनी मागील अनेक वर्षांचे जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. हा विषाणू तेथे पूर्वीही येऊन गेला होता, आणि सिंह बहुतेक सुखरूप राहिले होते! मग त्या वर्षीच एवढा संहार का व्हावा? त्याआधी कडक दुष्काळ पडला होता. अशक्त रानरेड्यांच्या अंगावर गोचिडी माजल्या, ते रेडे सिंहांनी खाल्ले आणि गोचिडी सिंहांवर चढल्या. विषाणूने प्रतिकारशक्ती खचविली, बॅबेसियाने उरलेले काम केले. निरोगी वर्षांत घेतलेले रक्त जपून ठेवले नसते, तर हा उलगडा कधीच झाला नसता. जनावर धडधाकट असताना त्याची तपासणी कशासाठी, असे विचारणाऱ्यांस याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

गीरमध्ये आसपासच्या सिंहांस पकडून वेगळे ठेवण्यात आले आणि अमेरिकेहून लसीच्या 300 मात्रा आणविण्यात आल्या. रानटी जनावरास लस टोचावी की निसर्गावर सोडावे, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. माझ्या मते प्रश्नाचे मूळ गावकुसाशी आहे. मेलेली म्हैस गावाबाहेर टाकली, की दिवसा तिच्यावर कुत्री तुटून पडतात आणि रात्री तेथेच सिंह येतो. म्हणून गावच्या कुत्र्यांस लस देणे हेही सिंहरक्षणाचेच कार्य होय.

1994 साली प्लेगच्या भयाने आपल्या सुरतेतून लाखो माणसे गावोगाव निघून गेली; तुमच्या घरच्या वडील मंडळींस ते दिवस आठवत असतील. सिंहांस मात्र जावयास दुसरे गाव नाही. त्यातून हे सारे थोड्याशाच पूर्वजांची संतती असल्याने, एकास जो रोग बाधेल तो सर्वांसच बाधण्याचा संभव अधिक. याच विचाराने सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या एप्रिलमध्ये काही सिंह मध्य प्रदेशातील कुनो येथे हलविण्याचा आदेश दिला. ते आजतागायत तेथे गेलेले नाहीत. 2022 साली तेथे आफ्रिकेतील चित्ते आले. गुजरातचा जिव्हाळा समजण्याजोगा आहे. शिवाय स्थलांतर सोपेही नव्हे : 1957 मध्ये उत्तर प्रदेशातील चंद्रप्रभा अभयारण्यात एक सिंह व दोन सिंहिणी सोडल्या होत्या. त्यांची संख्या अकरापर्यंत वाढली आणि 1965 पर्यंत सारेच नाहीसे झाले.

पोरबंदरजवळच्या बरडा डोंगरात 2023 साली एक सिंह आपण होऊन पोहोचला, आणि 2025 च्या गणनेत तेथे 17 सिंह मोजले गेले. ही बातमी आनंदाचीच आहे. पण बरडा गीरपासून सुमारे शंभर किलोमीटरांवर, त्याच सौराष्ट्रात आहे. आणि भटकी कुत्री, चरावयास फिरणारी गुरे व त्यांच्या अंगावरील गोचिडी यांस एवढे अंतर फारसे नाही.